एकाहत्तर अंगठे

"निर्मला, दार लावून घे," धारवाडकर मॅडम म्हणाल्या.

मी दार लावले. व्हरांड्यात शिपाई माठात पाणी ओतत होता, तो आवाज तुटला. मॅडमच्या टेबलावर माझ्या एकशेवीस अनुसूची होत्या. आदल्या दिवशी मी त्या एका गठ्ठ्यात, सुतळीने बांधून दिल्या होत्या. आता त्यांचे तीन गठ्ठे झाले होते. एकावर डस्टर होते, एकावर चष्म्याचे घर, आणि तिसऱ्यावर, जो अगदी लहान होता, काहीच नव्हते.

"बस. किती खराब झालीस! कावीळ उतरली का पुरती?"

"उतरली. तेल-तूप बंद आहे अजून."

"हं." त्यांनी डस्टर उचलले. "ह्या अडतीस जणींनी सह्या केल्यात. ह्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. वाकड्या सह्या आहेत, पण प्रत्येकीचा वाकडेपणा वेगळा आहे." मग त्यांनी चष्म्याचे घर उचलले आणि वरच्या अनुसूचीचे शेवटचे पान उलटून माझ्यासमोर सरकवले. "हे काय आहे?"

"अंगठा."

"हा अंगठा? बटाटा कापून शाईत बुडवला तरी याहून बरा उठेल. आणि असा एकच नाही. एकाहत्तर आहेत. मी काल संध्याकाळी एकेक मोजला. एकाहत्तर जणी, आणि एकीच्याही अंगठ्याला रेघ नाही?"

मी पान पाहिले. जांभळट शाईचा एक गोळा होता, कडेला जरा गडद, मध्ये फिकट. असे ठसे मीच घेतले होते. त्या वेळी ते मला दिसले होते, आणि दिसले नव्हते.

"आता हे बघ." त्यांनी तिसऱ्या, लहान गठ्ठ्यातले एक पान उघडले. "याला म्हणतात ठसा. चक्र स्पष्ट, रेघा स्पष्ट. बाईला विळीचा काप गेलाय कधीतरी, तोसुद्धा दिसतो, हा बघ, तिरका. जिवंत माणसाचा अंगठा असा असतो. असे फक्त अकरा आहेत."

मी डाव्या हाताची मूठ मिटली आणि ती मांडीवर ठेवली.

"निर्मला, मी सरळ विचारते. ह्या अकरा तू घेतल्यास. बाकीच्या एकाहत्तर तू कशाने उठवल्यास?"

इथे मॅडमची एक रीत सांगायला हवी. अनुसूची म्हणजे छापील प्रश्नांचा संच. प्रश्न आपण विचारायचे आणि समोरच्या माणसाचे उत्तर आपणच लिहायचे. माझी नऊ पानांची होती, चौसष्ट प्रश्नांची. कुठल्याही विभागात एवढ्यावर काम भागत असे. धारवाडकर मॅडमकडे मात्र शेवटच्या पानावर उत्तर देणाऱ्याची सही किंवा डाव्या अंगठ्याचा ठसा लागे. कारण बरीच वर्षे आधी त्यांच्या एका विद्यार्थ्याने दोनशे अनुसूची घरी बसून भरल्या होत्या, आणि तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकाने ते ओळखले होते. त्या दिवशी मॅडमना मान खाली घालून बसावे लागले होते, असे विभागात सांगत. तेव्हापासून त्या शेवटचे पान आधी वाचत.

"मॅडम, त्या एकाहत्तर जणींकडे मी गेलेय. प्रत्येकीच्या घरी गेलेय."

"मग रेघा कुठे गेल्या?"

"शाईची पेटी वाळली असेल. मी मधे दुसरी घेतली होती."

"दुसरी घेतल्यावरही असेच उठले?"

मॅडमनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली होती.

"तीस जूनला तुझी नोंदणी संपते. तीन प्रकरणं टंकून झालीत तुझी. मी आज सही केली तर तू वेळेत सादर करशील. पण ह्या पानांवर मी सही करणार नाही. पुढच्या सोमवारपर्यंत वेळ देते. ह्या एकाहत्तरपैकी कोणत्याही दहा बायकांचे ठसे पुन्हा आण. गावातल्या एखाद्या जबाबदार माणसाची साक्ष घे प्रत्येकावर. आणलेस तर मी तुझी माफी मागेन. नाही आणलेस तर..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही. "जा आता. पाणी पिऊन जा."

मी एकोणतीस वर्षांची होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत सात वर्षे शिकवून, दोन वर्षांची बिनपगारी रजा घेऊन एम.फिल.ला आले होते. रजा जूनमध्ये संपत होती. लघुप्रबंध सादर झाला असता तर महाविद्यालयातल्या जागेसाठी अर्ज करता आला असता. झाला नसता तर पुन्हा चौथीचा वर्ग. त्या वर्गाचे मला वाईट वाटत नव्हते. दोन वर्षे मी जे काही करत होते ते कशासाठी, हे घरी सांगता आले नसते, त्याचे वाटत होते.

मॅडमनी ज्या अकरा अनुसूची खऱ्या मानल्या होत्या, त्या मी केल्या होत्या. वसतिगृहात, एका रविवारी दुपारी.

माझा विषय काजू कारखान्यातल्या महिला कामगारांचा होता. आंबोलीचा घाट उतरून गेल्यावर सावंतवाडीच्या पुढच्या एका गावात मी तेवीस दिवस राहिले. बायका पाच वाजता सुटत, घरी जाऊन चूल पेटवत, आणि त्या चुलीपाशी बसून मी चौसष्ट प्रश्न विचारत असे. दिवसाला पाच घरे व्हायची, कधी चार. घरे डोंगराच्या उतारावर पांगलेली. एकशे नऊ झाल्या त्या दिवशी मला ताप भरला आणि डोळे पिवळे झाले. आराखड्यात नमुना एकशेवीसचा ठरला होता. 'एकशेवीस म्हणजे एकशेवीस, भाजी आणायला निघालेली नाहीस,' असे मॅडमनी पहिल्याच बैठकीत बजावले होते. आजारातून उठल्यावर परत तिकडे जायचे बळ माझ्यात नव्हते. अकरा नावे मी मतदार यादीतून घेतली, आधीच्या उत्तरांवरून उत्तरे बेतली, आणि अकरा वेगवेगळ्या सह्या करणे जमणार नाही म्हणून अंगठे घेतले. पहिल्यावर माझा डावा अंगठा. मग एकेक करत दहाही बोटे. अकराव्यासाठी बोट उरले नाही, तेव्हा खोलीतली मैत्रीण फिरोजा मुल्ला पुढे झाली. ती वनस्पतिशास्त्राची.

"माझा अंगठा विज्ञान शाखेचा हाय. समाजशास्त्राला चालतोय का बघ बाई," ती म्हणाली होती.

आम्ही दोघी हसलो होतो.

तर आता खऱ्या एकाहत्तर खोट्या ठरल्या होत्या आणि खोट्या अकरा खऱ्या. बुधवारी सकाळच्या गाडीने मी निघाले.

दुपारी गावात पोचले तेव्हा कारखान्याच्या अंगणात काजूच्या बिया वाळत घातलेल्या होत्या आणि भट्टीचा उग्र, घशाला बसणारा वास रस्त्यापर्यंत येत होता. मी शेवंती धुरींच्या घरी गेले. आधीचे तेवीस दिवस मी त्यांच्याच पडवीत काढले होते. पन्नाशीच्या बाई, नवरा वारलेला, एकट्या राहत. तीस वर्षे काजू फोडण्याच्या यंत्रावर. त्यांचे घर बंद होते. पायरीवर बसले ती तिथेच भिंतीला टेकून झोपले.

"काय गो बाय? पुन्हा इलंस? आणि ह्या काय ध्यान करून घेतलंस?" शेवंतीकाकी समोर उभ्या होत्या. ऊन उतरले होते.

"कावीळ झाली होती, काकी."

"तरी मी म्हणा होतंय, चेडू धड जेवणा नाय. नुसता लिवता. चल, आत चल. पेज घालतंय."

पेज पिऊन झाल्यावर मी पिशवीतून कोरे कागद आणि नवी शाईची पेटी काढली. विद्यापीठाजवळच्या दुकानातून चांगल्यातली, पारखून घेतली होती.

"काकी, एक त्रास द्यायचाय. अंगठा पुन्हा हवाय."

"पैलो हरवलंस?"

"हरवला नाही. नीट उठला नव्हता."

शेवंतीकाकी हसल्या. "तो खंयचो उठता!" असे म्हणून त्यांनी डावा हात पुढे केला. मी त्यांचा अंगठा धरला, पेटीवर फिरवला, कागदावर टेकवला, कडेपासून कडेपर्यंत लोळवला आणि उचलला. जांभळा गोळा. मी तो पुसला, पुन्हा घेतला. गोळा. तिसऱ्यांदा जरा हलका दाब दिला. तोही गोळा. मला रडू यायचे बाकी होते. नवी पेटीसुद्धा खराब निघाली असे समजून मी माझा डावा अंगठा तिच्यावर दाबला आणि त्याच कागदावर, त्यांच्या तीन ठशांच्या शेजारी टेकवला.

चक्र उठले, एकेक रेघ मोजावी असे. मधून विळीचा तिरका काप.

आम्ही दोघीही त्या कागदाकडे पाहत राहिलो.

"बघ गो," शेवंतीकाकी कौतुकाने म्हणाल्या, "तुझो आंगठो कसो चितारलेलो आसा!"

मी त्यांचा हात उजेडाकडे ओढला. बोटांची टोके काळपट होती, ते मला ठाऊक होते. पहिल्या प्रकरणात मी तसे लिहिलेही होते. पण अंगठ्याच्या पेरावरून मी माझे बोट फिरवले तेव्हा ते घासलेल्या पाटीवरून फिरावे तसे फिरले. त्यावर काही नव्हते. दुसरा हातही तसाच.

"हे कधीपासून?"

"काय ता?"

"ह्या रेघा. बोटांवरच्या."

"त्यो? त्यो काय ऱ्हवतत? टरफलाचा त्याल जळता मां हाताक. पैली सालां जातत, मगे नवी येतत, मगे ती पण जातत. चुलीतली रखा लावन बसलां तरी जातत. धा वर्सां झाली काय आंगठो शाप पुसान जाता. आमच्या लायनीत कोणाचोच उठणा नाय."

"मग मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीत? एकतिसावा प्रश्न. कामामुळे काही त्रास होतो का, होय की नाही. तुम्ही 'नाही' म्हणालात."

"नायच तर. तरास म्हणजे आंथरुणार पडणां. एक दीस खाडो झालो तर तो तरास. ह्येका कोण तरास म्हणतला?" त्या उठून चुलीतली लाकडे मागे ओढू लागल्या. "आंगठ्याचा तर तू इचारलंसच नाय."

मी विचारले नव्हते. एकशे नऊपैकी त्र्याण्णव जणींनी 'नाही' म्हटले होते. खोट्या अकरांमध्येही प्रमाण बिघडू नये म्हणून मी नऊ 'नाही' आणि दोन 'होय' भरले होते. टंकून झालेल्या तिसऱ्या प्रकरणात वाक्य होते: 'पंच्याऐंशी टक्के उत्तरदात्या महिलांना कामामुळे कोणताही शारीरिक त्रास होत नसल्याचे आढळून आले.' त्या वाक्याच्या टक्केवारीवर मॅडमनी बरोबरची खूण केली होती.

"दुसरीकडे कुठे अंगठा लागतो तेव्हा काय करता, काकी?"

"काय करतलंय? गुदस्ता रेशनकार्डाच्या कागदार घेतलो. सायबान परत धाडलो, ठसो बरो नाय म्हणान. दोनदा धाडलो. मगे माझ्या भाच्यान आपलो आंगठो मारलो, माझ्या नावार. सायब खूष. त्येका सोबीत ठसो होयो होतो, तो दिलो." त्या मोकळेपणाने हसल्या. "तुका पण होयो तर भाच्याक बोलावतंय. हंयच आसा."

"नको," मी म्हणाले. "नको काकी."

पुढच्या दोन दिवसांत मी दहा जणींचे ठसे घेतले. गावच्या पोस्टमास्तरांनी प्रत्येक कागदावर साक्ष म्हणून सही आणि पोस्टाचा शिक्का दिला. "डागच उठायचा ह्यांचा," ते म्हणाले. "आम्हांला सवय आहे. वरून कोणी कधी विचारलं नाही." शनिवारच्या गाडीने मी परत निघाले. दहा कागद एका पाकिटात होते. पडवीतला तो अकरावा कागद, ज्यावर शेवंतीकाकींचे तीन ठसे आणि माझा एक होता, मी वहीत घातला होता. तो का ठेवला हे मला घाट चढून येईपर्यंत ठरवता आले नाही. घाट चढून आल्यावरही नाही.

सोमवारी मॅडमनी दार स्वतः लावले. त्यांनी दहा कागद टेबलावर मांडले, खाली वाकून पाहिले, शिक्के पाहिले, आणि मी त्यांना टरफलाच्या तेलाचे सांगितले. सांगताना मध्येच त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या.

"म्हणजे हे सगळे ठसे खरे आहेत."

"हो."

"एकाहत्तरच्या एकाहत्तर." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दोन वर्षांत तसे कधी झाले नव्हते. "मी म्हटलं होतं, माफी मागेन. मागते. निर्मला, तुला कळतंय का तुझ्या हातात काय आलंय? चौसष्ट प्रश्नांत जे मिळालं नाही ते शेवटच्या पानावर येऊन पडलंय. मी रीत म्हणून ठसे घ्यायला लावले. चौदा वर्षं ठसा आहे की नाही एवढंच बघितलं."

मी दहा कागद गोळा करू लागले.

"थांब, थांब. मग ह्या अकरा?" त्यांनी लहान गठ्ठा पुढे ओढला. त्यांचा आवाज चढला होता, पोरीसारखा झाला होता. "ह्यांचे अंगठे स्वच्छ आहेत. ह्या काजू फोडणाऱ्या नसणार. सातवा प्रश्न बघू, काम कोणतं ते." त्यांनी पाने उलटली. "तू 'इतर' लिहिलंयस. सगळीकडे 'इतर'. इतर म्हणजे काय? प्रतवारी? गर निवडणाऱ्या? त्यांच्या हाताला तेल लागत नाही ना?"

"नाही. प्रतवारीवाल्यांच्या हाताला तेल लागत नाही."

"मग झालं तर! हा तुझा तुलनेचा गट. तेलात हात असलेल्या एकाहत्तर, नसलेल्या अकरा. अगं, एवढी स्वच्छ तुलना आराखडा करून मिळत नाही. एक प्रकरण वाढव. पंधरा दिवसांत लिहून होईल. तीस तारखेच्या आत मी स्वतः कुलसचिवांकडे घेऊन जाते."

'इतर' हा शब्द त्या रविवारी मी निवडला, कारण दिलेल्या पर्यायांत तो मला सगळ्यात कमी खोटा वाटला होता. आता त्याच्या जागी 'प्रतवारी' एवढे म्हणायचे होते. म्हणायचेही नव्हते, नुसती मान हलवायची होती. सह्या करणाऱ्यांत खऱ्या प्रतवारीवाल्या होत्याच, त्यांचे हात स्वच्छ होते, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. निष्कर्ष खोटा ठरला नसता. पुढे कोणी शंभर वेळा तपासले असते तरी तो खराच निघाला असता.

मॅडम टोपण काढलेले पेन हातात घेऊन थांबल्या होत्या. मी फार थकले होते. खोटे बोलायला त्या दिवशी फारसे बळ लागले नसते. तरीही सोबीत, देखणा ठसा हवा असलेला तो रेशनचा साहेब मला त्या खुर्चीत दिसू लागला, आणि ते मला सोसेना. मी वही उघडली आणि अकरावा कागद टेबलावर ठेवला.

"हे तीन कोणाचे?" मॅडमनी विचारले.

"शेवंती धुरींचे. ज्यांच्याकडे मी राहिले त्या."

"आणि हा?"

त्यांनी कागद उचलून जवळ धरला. मग लहान गठ्ठ्यातली सगळ्यात वरची अनुसूची घेतली, शेवटचे पान उघडले आणि ते कागदाच्या शेजारी ठेवले. दोन्हीकडे तेच चक्र आणि तोच तिरका काप. त्यांनी पेनाचे टोपण लावले. ते लागताना झालेला बारीक आवाज मला ऐकू आला.

"हात दाखव," त्या म्हणाल्या.

मी डावी मूठ उघडली. त्यांनी अंगठ्याकडे पाहिले आणि लगेच नजर काढून घेतली.

"बाकी दहा?"

"नऊ माझीच बोटं आहेत. एक मैत्रिणीचा अंगठा. ह्या अकरा बायकांकडे मी गेले नव्हते."

शिपायाने दार वाजवले, मॅडमनी आतूनच "नंतर" म्हटले.

"एकशे नऊच आणल्या असत्यास तर मी काय केलं असतं?"

"परत पाठवलं असतंत."

"हो," त्या म्हणाल्या. "काविळीतून उठलेली बघूनसुद्धा पाठवलं असतं." त्यांनी चष्मा पुसला. त्यांचा आवाज आता पुन्हा नेहमीचा, थकलेला झाला होता. "स्वच्छ दिसतो म्हणून मी तुझा अंगठा खरा धरला आणि त्या बायकांना बटाटा म्हटलं. हे मी कुठे लिहू? मला लिहायला जागा नाही. तुला आहे. नमुना एकशे नऊ. एकशेवीस का नाही, अकरा का वगळल्या, ते पद्धतीच्या प्रकरणात तुझ्या शब्दांत लिही. जे झालं तेच लिही, सजवू नकोस. आणि तो एकतिसावा प्रश्न रद्द. परत जाऊन विचारायला लागेल."

"तीस जूनच्या आत होणार नाही, मॅडम."

"नाही होणार."

"म्हणजे नोंदणी जाईल."

"जाईल. पुन्हा करता येते. मी असेन अजून दोन वर्षं." त्यांनी अकरा अनुसूची सुतळीने वेगळ्या बांधल्या, गाठ मारली आणि माझ्या हातात दिल्या. "ह्या तू ठेव. फाडू नकोस."

तीस जूनला मी चौथीच्या वर्गावर होते. पद्धतीच्या प्रकरणातला तो परिच्छेद मी त्या पावसाळ्यात शाळेतून आल्यावर लिहीत असे. सहा वाक्यांचा परिच्छेद, पण जमेना. एकदा आजाराचे कारण फार मोठे होई, एकदा पश्चात्ताप फार मोठा होई. मॅडम प्रत्येक खर्डा पोस्टाने परत धाडत. समासात एकच शब्द असे: 'सजवलंस.' नववा खर्डा आला तेव्हा समास कोरा होता. खाली सही होती.

ह्याला आता सव्वीस वर्षे होऊन गेली. नोंदणी पुन्हा केली, लघुप्रबंध सादर झाला, मॅडमच्या निवृत्तीला सात दिवस राहिले असताना. महाविद्यालयातली ती जागा तोवर भरून गेली होती. दुसरी मिळायला आणखी चार वर्षे गेली. सुतळी बांधलेला तो गठ्ठा माझ्या कपाटात आहे.

पण मला आठवतो तो त्या वर्षीचा दिवाळीच्या सुट्टीतला दिवस. मी नवी अनुसूची घेऊन काकींच्या पडवीत बसले होते. एकतिसाव्या प्रश्नापुढे आता 'होय' आणि 'नाही' असे चौकोन नव्हते. 'हात दाखवाल का?' एवढेच छापले होते, आणि खाली जे दिसेल ते लिहायला अर्धे पान कोरे सोडले होते.

मी प्रश्न वाचला. शेवंतीकाकींनी हात पदराला पुसले, उजेडाकडे वळल्या आणि दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले.

"घे, बघ," त्या म्हणाल्या. "तेवीस दीस ह्याच हातांनी तुका पेज वाढलंय मां गो."

मी पेनाचे टोपण काढले आणि कोऱ्या जागेत लिहू लागले. पहिल्या ओळीला फार वेळ लागला. तोवर त्यांनी हात तसेच धरून ठेवले होते.